आटे बसले, सिग्नल नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी सोडून चोवीस दिवस झाले. आजपासून कंपनी. कंपनी म्हणजे शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधली स्टोअररूम, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. बाबा सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि दारात थांबले. "आपली कंपनी उघडते किती वाजता? लोकांनी विचारलं तर सांगायला बरं."

लोक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांची स्कूटर.

हाताखाली बी.ई. झालेला मुलगा हवा होता. चार आले. एकाने विचारलं, एसी कधी बसवणार. एकाने विचारलं, सर कधी येतात. मीच सर, म्हटलं. तो आधी हसला आणि मग गेला.

शेवटी शालनताई मिळाल्या. पन्नाशीच्या आहेत, फुरसुंगीहून दोन बस बदलून येतात. हडपसरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं वायरींना कनेक्टर लावायचं काम केलं. ती लाइन बंद झाली, बाई घरी. विचारलं, अँटेनाबद्दल काय माहितीये? "अँटिनाचं न्हाई म्हाईत. कनेक्टरचं म्हाईत हाय."

बावीस वर्षं वायरच्या एका टोकाशी बसून दुसरं टोक कुठे जातं हे विचारावंसं वाटलं नाही. कारखाने माणसाचं असंच करतात. हात चालू, डोकं बंद. ठेवून घेतलं. शिडी धरायला कुणीतरी लागतंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक. नागोराव, मूळचे वाशिमचे. बारा वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, एकही निघाली नाही, मग इतरांना तेच करायला जागा भाड्याने द्यायला लागले. त्याला अभ्यासिका म्हणतात. पेठेत दर तिसऱ्या जिन्यावर एक आहे.

यांच्या दोन आहेत. इंटरनेट फक्त नदीकडच्या बिल्डिंगमध्ये. दुसरीकडे सर्जेराव केबलवाल्याने झाडावरून, खांबावरून वायर ओढून दिली होती, ती यंदा दोनदा तुटली. म्हणून आता गच्चीवरून गच्चीवर, बिनतारी. अंतर दोनशे ऐंशी मीटर. मध्ये एक पिंपळ, तोही बाजूला. लहान पोर करेल असं काम.

"सर नाही आले?" नागोरावांनी विचारलं.

"सर नाहीयेत. मी आहे."

"नाही, म्हणजे वर चढणार कोण?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शालनताईंकडे, मग जिन्याकडे. जिन्यातून कुणी पुरुष येईल अशी आशा अजून होती. या माणसांना समोर दिसतंय त्यावर विश्वास नसतो. मनात आधीच एक चित्र असतं, तेच बघतात.

मग म्हणाले, "सोळा तारखेला रविवारी पहिली ऑनलाइन टेस्ट आहे मॅडम. इकडल्या बिल्डिंगमधी सत्तर पोरं. मागच्या टेस्टला नेट गेलं तर अर्धे पोरं दुसरीकडे निघून गेले. या टायमाला गेलं तर मलेच वाशिमला जा लागन."

माझंही तसंच आहे, फक्त माझं वाशिम हडपसरला आहे. जुन्या टीमच्या रुपालीचा मेसेज आलाय की वीस तारखेपर्यंत हो म्हण, जुनी खुर्ची अजून रिकामी आहे. ही लिंक लागली तर कंपनी राहील. नाही लागली तर वीसला हो म्हणायचं आणि साठाव्या वर्षापर्यंत कॅबमध्ये झोपायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळे पार्ट आले. बाजारात रेडीमेड डबे मिळतात, अँटेना आतच असते, भिंतीला ठोका आणि विसरा. ते सर्जेरावांसारख्यांसाठी. मी रेडिओ वेगळा घेतला, पॅनेल अँटेना वेगळी, केबल वेगळी. रेडिओ पाच गिगाहर्ट्झचा, अँटेना पाचची, केबल पन्नास ओहमची. एक्सेलमध्ये प्रत्येक पार्टपुढे हिरवी खूण आहे. पुण्यात असं जुळवून देणारे किती असतील? मला तरी माहीत नाहीत.

चारही केबल रेडिओंना लावल्या, एकेकाला दोन. कनेक्टरचे आटे लोण्यासारखे फिरले आणि घट्ट बसले.

शालनताईंनी त्यातली एक परत सोडवली, डोळ्याजवळ नेली. मग रेडिओच्या तोंडात बघितलं.

"मॅडम, ह्याच्यात बी भोक हाय आन् त्याच्यात बी भोकच."

"अहो ताई, आटे आतून असले की मेल, बाहेरून असले की फिमेल. हे मेल आहे, ते फिमेल आहे. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"आट्याचं नव्हं. मदली पिन..."

"घट्ट बसलंय ना?"

"बसलंय तर."

"मग झालं."

ताईंनी केबल पुन्हा लावून टाकली, पण तोंड असं केलं जणू भाजीत मीठ नाहीये आणि सांगायची सोय नाही. मला हे कारखान्यातलं शहाणपण ओळखीचं आहे. एकच गोष्ट येते, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच दिसते.

दोन्ही रेडिओ टेबलावर चार फुटांवर ठेवले. फुल सिग्नल. बाबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "चार फुटांवर मी हाक मारली तरी ऐकू येतं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही गच्च्यांवर अँटेना चढवल्या. मी स्वतः चढले. खाली अभ्यासिकेतली पोरं पुस्तकं सोडून बघत होती. ज्यांना उद्या जिल्हा चालवायचाय त्यांना शिडीवरची बाई हा चालू घडामोडींतला प्रश्न वाटतो.

सिग्नल उणे अठ्ठ्याऐंशी. यात आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. हिशोबाप्रमाणे उणे साठच्या आत यायला हवा होता. अठ्ठ्याऐंशी म्हणजे भिंतीच्या पलीकडून कुणी तरी खोकतंय इतपत. लिंक लागते, तुटते, लागते.

तीन तास अँटेना केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. पिंपळ, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, सगळ्यांचा संशय घेऊन झाला.

शालनताईंना कनेक्टरवर पाणी जाऊ नये म्हणून टेप गुंडाळायला सांगितलं होतं. संध्याकाळी बघते तर चारही उघडे.

"टेप का नाही लावली?"

"परत काढावं लागंल म्हून."

कामाला बसायच्या आधीच काम वाया जाणार हे ठरवून मोकळ्या. सरकारी वृत्ती खाजगी कारखान्यातही येते हे आज कळलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं, अँप्लिफायर. अंतरात ताकद कमी पडतेय तर ताकद वाढवायची, यात विचार करण्यासारखं काही नाही.

बुधवार पेठेत गेले. एक वाजून दहा मिनिटं. शटर खाली. एक ते चार बंद. जगात उपग्रह फिरतायत, आणि पुण्यात रेडिओचा पार्ट विकणारा माणूस वरण-भात खाऊन झोपलाय. मंडईच्या बाजूला जाऊन तीन तास घालवले, चार वाजता परत. दुकानदाराने डोळे चोळत चष्मा लावला.

"काय हवंय?"

"पाच गिगाचा अँप्लिफायर. दोन."

"कशाला?"

"लिंक कमी पडतेय."

"किती अंतर?"

"दोनशे ऐंशी मीटर."

चष्म्यावरून बघितलं. "दोनशे ऐंशीला अँप्लिफायर लागत नाही. आधी कनेक्शन बघा."

"बघितलंय."

"मग घ्या. पुढे अँटेना नसताना चालू करू नका. ताकद बाहेर गेली नाही तर आतच राहते. जळतो. बदलून मिळणार नाही."

"अँटेना आहे."

"आपल्याला माहिती असेलच. मी फक्त सांगितलं."

पावती लिहिताना वर बघितलं नाही. या शहरात वस्तू मिळते, पण ती मागितल्याबद्दल आधी तुम्हाला थोडं लाजावं लागतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी साडेदहा. दोन्हीकडे अँप्लिफायर चालू. उणे सत्त्याहत्तर. लिंक पाच मिनिटं टिकली, दहा मिनिटं टिकली. नागोरावांना फोन करून सांगितलं की झालं. ते म्हणाले, "बरं झालं मॅडम, मी सर्जेरावले नाही म्हणून सांगतो." हे लिहितानाच बरं वाटतंय. गच्चीवरच बसून लिहितेय. शालनताई अँप्लिफायरला हात लावून बघतायत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"लई गरम झालंय मॅडम. बंद करा की."

अँप्लिफायर गरम होतात, ताई.

नंतर: सव्वाअकराला इकडचा गेला. वास आला. बाराच्या सुमारास तिकडचाही. आता उणे अठ्ठ्याऐंशीसुद्धा नाही. काहीच नाही.

नागोरावांना फोन करायचं धाडस झालं नाही. त्यांनीच केला. शांतपणे म्हणाले, "मॅडम, शनिवार दुपारपर्यंत पाहतो. मंग सर्जेरावले वायर टाकाले सांगतो. तुम्ही वाईट मानू नका." ओरडले असते तर त्यांना तुच्छ मानणं सोपं गेलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर एक्सेल बघितली. सगळं हिरवं आहे. डिझाइन चूक नाही. मग चूक हवेत असणार. नदीजवळचा दमटपणा, किंवा शेजारच्या हॉस्टेलची पन्नास वायफाय. माझ्या हातात नसलेल्या गोष्टींची यादी केली, दीड पान झाली.

रुपालीला "हो, येते" असा मेल लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही.

शालनताईंनी जाताना उद्या अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. आणि म्हणाल्या, रेडिओ सोडवून बघितले तर चालंल का, डब्बे जळले तरी दोन्ही रेडिओ तसेच हायत. मी म्हटलं, काय करायचं ते करा. माणसाला बुडतानासुद्धा शांतता मिळत नाही. या आठवड्यात सुट्टी. घरचं काही असेल. असतंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहायला हवं, कारण नंतर मी हे वेगळं आठवेन.

अकरा वाजता नदीकडच्या गच्चीवर गेले, अँटेना उतरवायला. सर्जेराव दोन वाजता येणार होता. वर शालनताई. पोतं अंथरून उन्हात बसलेल्या, डोक्यावर पदर. पुढ्यात चारही केबल. केबलची टोकं कापलेली. माझ्या केबल, तीन रात्री जागून शोधून मागवलेल्या, आणि या बाईने टोकं कापली होती. हातात एक जुनी पक्कड, कनेक्टर दाबून बसवायची, कारखान्यातून सुटताना आणलेली असावी.

"हे काय चाललंय?"

"झालंच. एकच ऱ्हायलंय."

"तुमची सुट्टी होती ना?"

"त्याचीच सुट्टी हाय ही. सकाळी बुधवारात जाऊन कनेक्टर आणले. त्यो दुकानदार म्हनला, त्या मुलीला सांगितलं होतं." मग केबलचं टोक माझ्यापुढे धरलं. "बगा. आत बगा मॅडम."

बघितलं. नव्या कनेक्टरच्या मध्यभागी सोन्यासारखी एक बारीक पिन. मग त्यांनी कापून टाकलेला जुना तुकडा दिला. आटे तेच, आकार तोच. मध्ये भोक. आणि रेडिओच्या तोंडातही भोक.

कळायला तीन सेकंद लागले, आणि तसे तीन सेकंद वैऱ्यावरही येऊ नयेत. दोन प्रकार असतात. आटे एकसारखे, पण एकात मधली पिन उलट्या बाजूला दिलेली असते. घरगुती राउटरवाल्यांचा तो उलटा प्रकार. माझा रेडिओ सरळ प्रकारातला, केबल उलट्या. आटे घट्ट बसले आणि आत वायर वायरला लागलीच नाही. टेबलावर चार फुटांवर नुसत्या गळतीवर चाललं. अँप्लिफायरने ती गळतीच मोठी केली, आणि बाकीची ताकद त्याच्या पोटात राहून तो जळला.

केबल विकणाऱ्या साइटवर फोटो बाजूने काढलेला होता. समोरून काढला असता तर माझ्या लक्षात आलं असतं. असे फोटो टाकणाऱ्यांना काय म्हणावं?

"आठ तारखेला सांगायचं ना," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. शेवटचा कनेक्टर दाबला.

दोन केबल तिथे लावल्या, मग पोतं आणि पक्कड घेऊन पलीकडच्या गच्चीवर उरलेल्या दोन. बारा चाळीसला लिंक. उणे छप्पन्न. अँप्लिफायर नाही, काही नाही. आकडा हललासुद्धा नाही. पाण्याची टाकी, पिंपळ, टॉवर सगळे जागेवरच होते.

दोन वाजता नागोराव धापा टाकत वर आले, मागून सर्जेराव, खांद्यावर वायरचं भेंडोळं. नागोरावांनी फोनवर व्हिडिओ लावला, थांबतोय का बघत राहिले. थांबला नाही. "झालं? काय होतं मॅडम?"

मी तोंड उघडायच्या आत शालनताई म्हणाल्या, "मॅडमनी केलं. बारीक काम हुतं."

आणि मी म्हटलं, "हो, थोडं मॅचिंग बाकी होतं."

सर्जेराव माझ्याकडे बघत नव्हता. तो पोत्यावरच्या पक्कडीकडे आणि ताईंच्या बोटांकडे बघत होता. वायर ओढणाऱ्याला दुसरं काय दिसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

टेस्ट झाली. सत्तर पोरं, दोन तास, एकदाही नेट गेलं नाही. नागोरावांनी पेढे दिले. बाबांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "अभिनंदन. कनेक्टर कुणी लावले म्हणालीस?"

मी म्हणालेच नव्हते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नागोरावांच्या ओळखीत कर्वेनगरला मुलींची दोन हॉस्टेलं आहेत. तिथेही लिंक हवी. फोनवर सगळं ठरलं आणि शेवटी ते म्हणाले, "मॅडम, एक सांगू? ताई येतील ना? ताई येत असतील तरच. सर्जेराव सांगत होता, हात असा पाहिजे."

म्हणजे त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. "मॅचिंग बाकी होतं" म्हणताना कुणाला कळलं नाही असं मी एकटीच समजत होते.

खाली येऊन ताईंना सांगितलं. त्या केबल गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "सर्जेरावबी बोलावतायत मला. पगार बरा हाय."

"जाणार आहात?"

"तुमचं काम आवडतं. पर असं न्हाई जमायचं मॅडम. मी बोलायचं, तुमी ऐकायचं न्हाई, आन् परत मीच कापत बसायचं."

"मग कसं जमेल?"

तर त्यांची अट. कारखान्यात दोघी-दोघी समोरासमोर बसायच्या. जोडायच्या आधी एकीने आपल्या टोकात बघून मोठ्याने म्हणायचं, "पिन". दुसरीने आपल्या टोकात बघून म्हणायचं, "भोक". मगच फिरवायचं. बावीस वर्षं, रोज नऊशे वेळा. इथेही तसंच हवं. मी आणि त्या. प्रत्येक कनेक्टरला. गिऱ्हाईक समोर असलं तरी.

मी म्हटलं, मनातल्या मनात बघितलं तर? त्या म्हणाल्या, मनात बघितलेलं दिसत न्हाई.

मी म्हटलं, निदान "सॉकेट" म्हणू. त्या म्हणाल्या, साकेट भिंतीवर असतंय. "छिद्र" सुचवलं. ते त्यांना देवळातल्यासारखं वाटलं.

बी.ई., फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. गच्चीवर उभं राहून भोंडल्यासारखं म्हणायचं. मी विचार करते म्हटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रुपालीचे दोन मिस्ड कॉल. "हो, येते"चा मेल उघडला. तिथे एसी आहे, कॅब आहे, आणि कुणी माझ्याकडून काही वदवून घेणार नाही. तिथेही मी सगळ्यांना मूर्खच समजत होते, पण तिथे त्यांनाही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी मेल पुसून "नाही, आभार" पाठवला. मग ताईंना फोन करून सांगितलं, उद्या नऊ वाजता कर्वेनगर. अट मान्य.

"बरं," म्हणाल्या. आनंद वगैरे काही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कर्वेनगर. हॉस्टेलची गच्ची, वाळत घातलेले टॉवेल. वॉर्डन दीपमालाबाई खुर्ची टाकून बसलेल्या, नागोराव मुद्दाम आलेले, टाकीच्या सावलीत दोन मुली डबा खात.

ताईंनी केबलच्या टोकात बघितलं. "पिन."

मी रेडिओच्या तोंडात बघितलं. घसा साफ केला. "भोक."

मुली हसल्या. दीपमालाबाईंनी नागोरावांना हळूच विचारलं, हे काय आहे. नागोराव गंभीरपणे म्हणाले, "टेक्निकल आहे."

ताईंनी कनेक्टर फिरवला. दुसरा. पिन. भोक. तिसरा. पिन. भोक. इतका मूर्खपणा मी शाळेच्या कवायतीनंतर केलेला नाही. चौथ्यापर्यंत माझं लक्ष खाली रस्त्यावर गेलं होतं, आणि लय तर एव्हाना अंगात बसली होती.

"पिन," ताई म्हणाल्या.

"भोक," मी म्हणाले.

ताईंनी फिरवला नाही. केबलचं टोक हातात तसंच धरून उभ्या राहिल्या. मी बघितलं नव्हतं हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. घाई केली नाही. नागोराव, दीपमालाबाई, त्या दोन मुली, सगळे थांबले.

मी वाकले आणि आत बघितलं.